पथ्य त्याचे, कष्ट तिचे!

पन्नाशीच्या आत मधुमेह आणि रक्तदाब घेऊन फिरणारे कार्यकर्ते आज वस्तीवस्तीत दिसतात. डॉक्टर पथ्याचा कागद त्यांना देतात. तो कागद सरळ पत्नीच्या हाती जातो. पथ्य त्याचे, कष्ट तिचे! ही कुठली समता?

आणि तिच्या आरोग्याचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. सर्वांना वाढून उरेल ते खाणे, हेही त्याचे एक कारण होय.

म्हणून पुरुषांनी स्वयंपाक शिकलाच पाहिजे. चाळिशीतही तो शिकता येतो. सुरुवात उसळीपासून करा. मटकी रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी मोड येतात. चमचाभर तेलात कांदा परता, मटकी शिजवा, वरून लिंबू पिळा. त्याने लोह अंगी लागते. मग तांदुळजा, अंबाडी आणि शेवटी ज्वारीची भाकरी. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचे-पापडातले मीठही त्यातच धरा.

स्त्रियांना हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या अनुयायाला स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणे जड का जावे?

बांधवांनो, आज एक वेळचे जेवण तुम्ही रांधा आणि वाढताना तिलाही सोबत बसवा. व्यासपीठावरची समता आता ताटात उतरू द्या!