टाकीचा हिशोब जुळला, विहिरीचा कोण पाहणार?

पेट्रोल पंपावर रोज टाकीत डिप रॉड सोडून इंधनाची पातळी मोजतात. कालचा साठा, टँकरने आणलेला माल, नोझलमधून झालेली विक्री आणि टाकीत उरलेले इंधन यांचा मेळ घातला जातो. अनेक पंपांवर आता हे काम स्वयंचलित यंत्र करते. मेळ बसला की गळती नाही, असे धरून चालणे मात्र धोक्याचे आहे. पेट्रोल उन्हाने फुगते, थंडीने आकसते, वाफ होऊन उडते. या घटीत बारीक गळती सहज लपते. अमेरिकेच्या नियमांत या पद्धतीसाठी महिन्याच्या विक्रीच्या एक टक्का अधिक 130 गॅलन इतकी तफावत चालते. महिन्याला दीड लाख लिटर विकणाऱ्या पंपाला हे माप लावले, तर जवळजवळ दोन हजार लिटर जमिनीत मुरले तरी वहीत खोट दिसणार नाही. म्हणूनच तिथे या हिशोबाला टाकीच्या गळती-चाचणीची जोड सक्तीची आहे आणि दहा वर्षांनंतर त्यावर विसंबताच येत नाही. आपणही टाकीबरोबर तिच्याखालचे पाणी तपासायला हवे, आणि सुरुवात जुन्या पंपांपासून व्हायला हवी.

याचे कारण पेट्रोलमधल्या बेन्झीनमध्ये आहे. ते माणसात कर्करोग घडवते, हे निर्विवाद आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, तर आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत चालते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त पावणेनऊ ग्रॅम बेन्झीन, आणि तेवढे आठ लाखांहून अधिक लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. हे कागदावरचे गणित झाले. प्रत्यक्षात बराच भाग उडून जातो, काही मातीतले जंतू संपवतात. तरीही बेन्झीनचा वास नाकाला जाणवतो तोवर त्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट झालेले असते. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये 2013 साली बोअरच्या पाण्यात आणि गोव्यात दाबोळीजवळ 2023 साली विहिरींत इंधन उतरले. दोन्हीकडे संबंध भूमिगत इंधनवाहिनीशी होता, पंपाशी नव्हे. पण जमिनीखालची गळती रहिवाशांच्या पाण्यातून उघड व्हावी, हा पहारा नव्हे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप शास्त्रातूनच येतो. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या 1995 च्या अभ्यासात असे आढळले, की पंपांखालच्या बेन्झीनचा पट्टा बहुधा अडीचशे फुटांच्या आत थांबतो, कारण जंतू ते खाऊन टाकतात. हे निरीक्षण खरे आहे, पण ते बव्हंशी गाळाच्या, सच्छिद्र जमिनीचे आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टवर उभा आहे. इथे पाणी खडकाच्या भेगांतून, सांध्यांतून वाहते. मातीच्या कणांत रेंगाळून शुद्ध व्हायला त्याला फारशी उसंत मिळत नाही, आणि ते कोणत्या दिशेला निघेल हे वरून सांगता येत नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जंतू आधी इथेनॉलवर तुटून पडतात, त्यात पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि बेन्झीन न खाल्ले जाता पुढे सरकते. पेट्रोलमध्ये नवे काही मिसळले की जुना अंदाज चुकतो, हे कॅलिफोर्नियातच दिसले होते. एमटीबीई नावाचे द्रव्य पाण्यात सहज विरघळून दूरवर पोचले, आणि 1996 मध्ये सांता मोनिका शहराला आपल्या पाणीपुरवठ्यातले निम्म्याच्या आसपास पाणी देणाऱ्या विहिरी बंद कराव्या लागल्या.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वस्ती, शाळा, रुग्णालये यांच्यापासूनचे अंतर त्यांत ठरवले आहे. पाऊल योग्यच, पण जास्त धोका दशकांपूर्वी पुरलेल्या एकेरी पत्र्याच्या टाक्यांचा असतो. त्यांच्या आवारात निरीक्षणासाठी दोन-तीन बोअर घेऊन पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने तपासायला काय हरकत आहे? खर्चाची हरकत घेतली जाईल. दूषित झालेला खडक धुण्यापेक्षा बोअर कितीतरी स्वस्त पडते, आणि हा भार चालकावर टाकण्याचे कारण नाही. बहुतेक पंपांच्या टाक्या तेल कंपन्यांच्याच असतात. गळती झाल्यावरच्या साफसफाईसाठी अमेरिकेने 1986 साली गॅलनमागे एक दशांश सेंट आकारून निधी उभारला. लिटरमागे काही पैशांत आपल्याकडेही तपासणी आणि सफाई दोन्ही भागू शकतील. दुसरी हरकत अशी, की भेगाळ खडकात दोन-तीन बोअरना गळती चुकूही शकते. ही हरकत मान्य करून पंपाच्या आसपासच्या खासगी विहिरी आणि कूपनलिकाही मालकांच्या संमतीने तपासणीत घ्याव्यात. त्यासाठी वेगळे खाते नको. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींचे जाळे आणि तालुक्याच्या खडकाची जाण आहे. नमुने तिने घ्यावेत, पैसे कंपन्यांनी भरावेत आणि बेन्झीनचा आकडा पंपाच्या फलकावर पेट्रोलच्या दराशेजारी लागावा.