पॅड बदलून ब्रेक सुटत नाही

पावसाळा सरत आला की जुन्या मोटारसायकली गॅरेजला लागतात आणि तक्रार बहुधा ठरलेली असते. गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडलं, पुढचं चाक हाताने फिरवलं तर एक वेढाही धड घेत नाही. कॅलिपर जाम झालेला असतो. यावर रूढ उपाय नव्या पॅडचा: जुने काढायचे, बाहेर आलेला पिस्टन स्क्रूड्रायव्हरने आत रेटायचा, नवे बसवायचे. दुखणं पॅडमध्ये नसतंच. ते पिस्टनच्या अंगावर साचलेल्या काळ्या मळात असतं, आणि या रेटण्याने तो मळ थेट सीलपाशी पोचतो. १९९९ साली पुढच्या डिस्कसह आलेल्या सीबीझेड मोटारसायकलीच्या पिढीतले कॅलिपर आता पंचविशी ओलांडून गेले आहेत. त्यांना नव्या पॅडपेक्षा वर्षातून एकदा साफसफाईची गरज जास्त आहे, आणि ती मालकानेच घरी करावी.

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. ते काम रबराचं एक चौकोनी काठाचं कडं, म्हणजेच सील, करतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं आणि सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे आणतं. चाक मोकळं फिरतं ते या केसभर अंतरामुळे. तिथे चिखल आणि पॅडची भुकटी जमली, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचं ग्रीस वाळलं, की रबराचं बळ तोकडं पडतं. कोकणात खारी हवा गंजाची भर घालते.

ब्रेक हा जिवाशी खेळ, तिथे हौशी हात नकोत, हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून मर्यादा आखून घ्यावी: ब्रेक ऑइलची नळी उघडावी लागत नाही तोवरचं काम घरचं. कॅलिपर उतरवून, नळीवर न लटकवता, पिस्टन लिव्हरने जपून चार-पाच मिलिमीटर बाहेर आणावा आणि जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासावा. पेट्रोल, डिझेल वापरू नये, त्याने सील फुगतं. पिनांनाही साधं ग्रीस नको, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावावं. पिस्टन आत ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं, तेव्हा खाली फडकं हवंच. खरा धोका शेवटी असतो. जोडणी झाल्यावर पहिले काही दाब लिव्हर पोकळ जातो. तो कडक होईपर्यंत गाडी जागची हलवू नये.

पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर मात्र पॉलिश पेपर मारत बसू नये. क्रोम गेलेला पिस्टन सील फाडतो, तो बदलावाच लागतो. सफाईनंतरही चाक धरत असेल तर दोष मास्टर सिलिंडरच्या बारीक छिद्रात किंवा आतून सुजलेल्या नळीत असू शकतो. तिथून पुढे मेकॅनिक. ऑइलही त्याच्याकडूनच दर दोन वर्षांनी बदलून घ्यावं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट ४ दर्जासाठी नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश लागतो, पाणी शिरल्यावर मात्र किमान १५५ अंशच धरला जातो.

गॅरेजवाला सफाई का करत नाही, असंही कोणी विचारेल. तासभर टूथब्रश चालवण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, पॅडचे देतं.