पालक समलिंगी असतील तर मुलं शाळेत मागे पडतात का?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. त्याच निकालात दत्तक घेण्याचाही मुद्दा होता. ‘कारा’च्या नियमानुसार जोडीने मूल दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक नातं लागतं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांनी हा नियम घटनाबाह्य ठरवला. पण तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो कायम राहिला.

या वादात एक प्रश्न हमखास येतो: अशा घरात मुलांचं नुकसान होतं का?

आकडेवारी काय सांगते?

नेदरलँड्समध्ये २००१ पासून समलिंगी जोडप्यांना लग्न आणि दत्तक, दोन्हींचा हक्क आहे. तिथल्या सरकारी नोंदींवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. समलिंगी जोडप्यांच्या २,९७१ मुलांची तुलना दहा लाखांहून जास्त मुलांशी केली गेली. जन्मापासून समलिंगी पालकांकडे वाढलेली मुलं प्राथमिक आणि माध्यमिक, दोन्ही टप्प्यांवर थोडी पुढेच होती.

म्हणजे समलिंगी पालक जास्त चांगले? तसं नाही. ही जोडपी सहसा जास्त शिकलेली आणि सधन होती. ते लक्षात घेतल्यावर फरक कमी झाला.

मग उलटे निष्कर्ष कुठून आले?

अमेरिकेत २०१२ मध्ये मार्क रेग्नेरस यांच्या अभ्यासाने नुकसान होतं असं म्हटलं. त्यावर मोठी टीका झाली. कारण त्यातली बरीच मुलं आईवडिलांचं लग्न मोडलेल्या घरांतली होती, समलिंगी जोडप्याकडे सलग वाढलेली फारच थोडी.

कोल्हापुरात याचा अर्थ काय?

राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, ते याच शहरातून. आज इथल्या दोन स्त्रियांनी मिळून मूल वाढवायचं ठरवलं, तर दत्तक एकटीच्याच नावावर घेता येतं. दोन पुरुष असतील तर मुलगी मिळतच नाही, कारण एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर एकच पालक. त्या पालकाचा मृत्यू झाला, तर रोज डबा भरून देणाऱ्या दुसऱ्या पालकाला मुलाचा ताबा आपोआप मिळत नाही.

मुलांच्या अभ्यासाला स्थिर घर लागतं. आपला कायदा नेमकी तीच खात्री या मुलांना देत नाही.