वही ठेवा, पण वहीचं ऐकू नका

गेल्या जूनमध्ये वजनकाट्याने ७८ दाखवलं आणि मी मोबाईलमध्ये कॅलरी मोजणारं अ‍ॅप घेतलं. महिन्याला चार किलो कमी करायचे, असं मीच त्यात भरलं. त्याने हिशेब करून दिवसाला १,३०० कॅलरींची मर्यादा घालून दिली.

पहिल्या पंधरवड्यात फायदा झाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे! हे लिहिल्याशिवाय मला कधी दिसलंच नव्हतं. एक ग्रॅम पिठात किंवा साखरेत साधारण चार कॅलरी, तर एक ग्रॅम तेलात नऊ, हेही तेव्हाच कळलं. भाजीवर तरंगणारी तर्री मग वेगळीच दिसू लागली.

पण पुढे गंमत संपली. अ‍ॅपमध्ये ‘रोटी’ होती, आज्जीची भाकरी नव्हती. आमच्या घरची एक भाकरी म्हणजे तिथल्या दोन रोट्या. मी एकच लिहायचो. खोटं कोणाशी बोलत होतो? स्वतःशीच ना! पावलांचंही तसंच. संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोत फिरून आलो तरी आकडा कमी पडायचा, मग रात्री साडेअकराला गच्चीवर फेऱ्या. हा १०,०००चा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊल-मोजणीयंत्राच्या नावातून आला, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे, हे नंतर वाचलं आणि स्वतःचंच हसू आलं.

सेमिस्टरचा निकाल लागला त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. आज्जीने पेन्शनच्या पैशातून पाव किलो कुंदा आणवला होता. वाटी पुढे केली. मी मोबाईल काढून आकडा बघितला आणि म्हटलं, “आज नको गं, कोटा संपला.” ती काही बोलली नाही. वाटीवर ताटली झाकून आत गेली. बेळगावच्या पोराने कुंद्याला नाही म्हटलं म्हणून नव्हे, तर तिच्या आनंदाला मी आधी मोबाईलची परवानगी विचारली, म्हणून ते मला आजही टोचतं.

त्याच आठवड्यात वर्गात उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टर म्हणाले, एवढं कमी खाऊन कोण अभ्यास करतो?

म्हणून माझं मत असं आहे. नोंद वाईट नाही. वाईट आहे ते नोंदीला न्यायाधीश करणं. दुकानदार जमाखर्च लिहितो तो धंदा कळावा म्हणून, त्या वहीला घाबरून दुकान बंद करत नाही. मी अ‍ॅप काढून टाकलं आणि साधी वही घेतली. त्यात कॅलरी नाहीत. दोन भाकऱ्या, एक वाटी आमटी, चहा दोन, चाललो पाऊण तास, एवढंच. वजन आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी. पाच महिन्यांत पाच किलो उतरले. वेग कमी आहे, पण भोवळ नाही आणि खोटंही नाही.

मित्रमैत्रिणींनो, वजन कमी करायचं असेल तर जरूर लिहा. पण जेवणाची भीती वाटायला लागली, लपवाछपवी सुरू झाली, तर वही मिटा आणि घरच्यांशी किंवा डॉक्टरांशी बोला.

परवा आज्जीने पुन्हा कुंदा आणवला. मी खाल्ला. रात्री वहीत लिहिलं : कुंदा, एक वाटी, आज्जीबरोबर.