दुबळ्या मंडळ्या आणि आपली बंद देवळे

सोलापुरातल्या एखाद्या कामगार वस्तीतील रविवारची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. पत्र्याच्या एका खोलीत पंधरा-वीस माणसे सतरंजीवर बसली आहेत. त्यांत विडी वळणाऱ्या बाया आहेत, गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम धरलेले वृद्ध आहेत, शाळा अर्धवट सोडलेली दोन-चार मुले आहेत. समोर पाळक उभे आहेत. मराठी प्रोटेस्टंट परंपरेत धर्मगुरूला पाळक म्हणतात, उपासकांच्या समुदायाला मंडळी म्हणतात आणि देवाने या कामासाठी आपल्याला बोलावले आहे या भावनेला पाचारण म्हणतात. या पाळकांना झालेले पाचारण असे, की मोठ्या शहरातील भरलेल्या चर्चची वेदी आपल्याला नको. विस्कटत चाललेल्या, कर्जात बुडालेल्या, भांडणांनी पोखरलेल्या लहान मंडळ्या 'निरोगी' करण्यासाठी आयुष्य द्यायचे.

अशा पाळकांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याला नमस्कारच केला पाहिजे. प्रश्न त्यांच्या अंतःकरणाचा नाहीच. प्रश्न असा, की या मंडळ्या दीडशे वर्षांनंतरही आजारी का आहेत, त्यांच्या आरोग्याची व्याख्या कोणी ठरवली, आणि त्या पत्र्याच्या खोलीत बसलेली माणसे तिथे जाण्यापूर्वी आपण, म्हणजे स्वतःला संघटित हिंदू समाज म्हणवणारे, त्यांच्या दाराशी कितीदा गेलो होतो?

दीडशे वर्षांचे दुखणे

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रचारक १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्यांचे केंद्र झाले. तेथूनच १८४२ साली 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले आणि १८६०च्या दशकात मिशनचे ठाणे सोलापुरात स्थिरावले. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, दुष्काळात अनाथ मुलांना आसरा मिळाला. हे सारे इतिहासात नोंदलेले आहे आणि ते नाकारण्यात कोणताही पुरुषार्थ नाही.

पण त्याच इतिहासात आणखी एक नोंद आहे. या मिशनची चालक संस्था बोस्टन येथे होती. तिचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ साली स्वतः हिंदुस्थानात आले आणि मराठी मिशनची त्यांनी बारकाईने पाहणी केली. त्यांचा आग्रह असा होता, की गावोगावी लहान मंडळ्या उभ्या राहाव्यात, त्यांचे पाळक देशी असावेत, आणि मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च व स्वतःचा प्रसार स्वतःच पाहावा. हेच ते प्रसिद्ध 'स्व'-त्रय. परावलंबी मंडळी ही आजारी मंडळी होय, हे निदान हिंदुत्वाच्या कोणा टीकाकाराने प्रथम केलेले नाही. मिशनच्या मुख्य सचिवाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच केले होते. औषध ठाऊक असूनही रोग बरा होत नसेल, तर औषध देणाऱ्यांची इच्छा तपासावी लागते. शाळेची इमारत परकीय, दवाखान्याचा खर्च परकीय, पाळकाचा पगार परकीय आणि धोरणही परकीय, अशा व्यवस्थेत 'स्व' हा शब्द अहवालाच्या पानांपुरताच उरणार, यात नवल काय?

टिळकांनी ओळखलेला रोग

हा रोग आतून ओळखणारा थोर मराठी माणूस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराविषयी हिंदू समाजात जे मत असेल ते असो. त्यांची मराठी निष्ठा आणि स्वाभिमान वादातीत आहे. ख्रिस्ती उपासनेला त्यांनी अभंगाचे आणि भजनाचे रूप दिले, कारण परक्या चालीवरची गाणी या मातीत रुजणार नाहीत हे त्यांना कळत होते. आणि १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही सामावणारा 'देवाचा दरबार' त्यांनी उभारू पाहिला. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या सर्वांत मोठ्या कवीला आपला स्वाभिमान राखण्यासाठी मिशनच्या चौकटीबाहेर यावे लागले, या एका घटनेत दुबळ्या मंडळ्यांच्या आजाराचे सारे निदान आले आहे. आज लहान मंडळ्यांच्या पुनरुज्जीवनाची व्रते घेणाऱ्यांनी परदेशी पुस्तके उघडण्यापूर्वी टिळकांच्या त्या राजीनाम्याचा विचार करावा.

वाढीचे शास्त्र आणि जातीची भिंत

परंतु उघडली जातात ती परदेशी पुस्तकेच. 'चर्चची वाढ' या नावाचे जे शास्त्र विसाव्या शतकात अमेरिकेतून जगभर पसरले, त्याचे जनक डोनाल्ड मॅकगॅव्हरन हे १८९७ साली मध्य प्रांतातील दमोह येथे जन्मले. मिशनरी घराण्यातील या गृहस्थांनी मध्य भारतात अनेक वर्षे काम केले. काही मंडळ्या वाढतात आणि काही खुरटतात, असे का, हा प्रश्न त्यांना इथेच पडला. १९५५ साली त्यांचे 'द ब्रिजेस ऑफ गॉड' हे पुस्तक आले आणि १९६५ साली कॅलिफोर्नियातील फुलर सेमिनरीत या विचाराचे विद्यापीठच उभे राहिले.

त्यांचा प्रसिद्ध सिद्धान्त काय सांगतो? वंश, भाषा किंवा वर्गाची सीमा ओलांडावी न लागता माणसांना ख्रिस्ती होणे आवडते. म्हणून एकजिनसी गटांतच काम करावे. भारताच्या संदर्भात याचा सरळ अर्थ असा, की जातीला हात लावू नका, जातीचीच शिडी करून वर चढा. 'हिंदू धर्म जातीने सडला आहे, आमच्याकडे या, इथे जात नाही' असे एकीकडे सांगायचे आणि दुसरीकडे जातीची भिंत हाच प्रसाराचा पाया धरायचा! पुढे १९९०च्या दशकात 'वाढ' हा शब्द थोडा मागे पडला आणि त्याच्या जागी 'आरोग्य' आले. रिक वॉरन यांच्यासारख्या अमेरिकन पाद्र्यांच्या पुस्तकांनी निरोगी चर्च हा शब्द लोकप्रिय केला. शब्द गोड आहे. पण कॅलिफोर्नियातील उपनगरी श्रीमंतीत तयार झालेली मोजपट्टी सोलापूरच्या विडी कामगारणीच्या अंगाला कशी लागू पडणार?

सोलापुरातील ते भाषण

या साऱ्या विषयावर सर्वांत मर्मभेदी शब्द खुद्द सोलापुरातच उच्चारले गेले आहेत, आणि ते उच्चारणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर देशभरातील सर्व धर्मांचे प्रचारक त्यांच्याकडे आशेने पाहत होते. १९३८ च्या प्रारंभी सोलापुरातील भारतीय ख्रिस्ती समाजापुढे ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयीचा आपला आदर त्यांनी मोकळेपणाने सांगितला. आणि तेवढ्याच मोकळेपणाने त्यांनी श्रोत्यांसमोर आरसा धरला. दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. शिक्षणाच्या एवढ्या सोयी मिळूनही हा समाज अन्यायाविरुद्ध राजकीयदृष्ट्या उभा राहत नाही, आपल्याच बांधवांच्या हक्कांसाठी झगडत नाही, हे त्यांनी सुनावले. मिशनच्या छायेत वाढलेल्या समाजाला स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची सवयच लागली नव्हती, हाच त्या भाषणातून निघणारा अर्थ होय.

पुढे १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. भारताच्या मातीत उगवलेला मार्ग त्यांनी निवडला. सोलापुरातील त्या भाषणाचे उत्तर मिशनच्या धुरीणांनी आजवर दिलेले नाही.

कायद्याची मर्यादा

१९५४ साली त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने, म्हणजे काँग्रेसच्याच सरकारने, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विदर्भ तेव्हा त्याच प्रांतात होता. १९५६ च्या अहवालावर गदारोळ झाला. पण त्यातील एका शिफारशीकडे कोणी फारसे पाहिले नाही. भारतातील चर्चनी परकीय आधारावर अवलंबून न राहता एक संयुक्त, स्वतंत्र भारतीय चर्च उभारावे, असे समितीने सुचवले होते. ज्यांना ख्रिस्तविरोधी म्हणून हिणवण्यात आले, त्यांनीच ख्रिस्ती समाजाला स्वावलंबनाचा मार्ग दाखवावा, हा दैवदुर्विलास नव्हे काय?

पुढे १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट नाही. परकीय देणगीविषयक कायदा २०१० मध्ये नव्याने आला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी केली. हे सारे आवश्यकच होते. परदेशी पैसा थांबल्यावर जी मंडळी कोसळते, ती श्रद्धेवर उभी नव्हतीच. आणि जी दशमांशावर, आपल्या घामाच्या पैशावर टिकते, ती या देशाचाच एक भाग म्हणून टिकेल. तिच्याशी कोणा राष्ट्रनिष्ठ हिंदूचे वैर असण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आत आहे. भयगंडाने ग्रासून जाण्याजोगा हा आकडा नव्हे.

मात्र कायदा पैसा अडवू शकतो, एकटेपणा अडवू शकत नाही. आजारी मुलाच्या आईला रात्री दोन वाजता कोणाला हाक मारावी हा प्रश्न पडतो, त्याचे उत्तर कोणत्याही अधिनियमात नाही.

आपल्या दाराशी

म्हणून आता बोट आपल्याकडे वळवले पाहिजे. एक पाळक पंधरा माणसांच्या मंडळीसाठी आयुष्य वाहतो. आपल्या वस्तीतील मरीआईच्या, म्हसोबाच्या, लक्ष्मीआईच्या पडक्या देवळाशेजारी राहणाऱ्या पंधरा कुटुंबांसाठी आयुष्य वाहणारे किती आहेत? मोठ्या देवस्थानांच्या रांगा वाढत आहेत, सुवर्णकळस चढत आहेत. आणि लहान देऊळ वर्षातून एकदा, यात्रेच्या दिवशी उघडते. त्या देवळाची किल्ली कोणाकडे असते हे शेजारच्या कार्यकर्त्यालाही ठाऊक नसते. कुठे दलित बांधवाला गाभाऱ्याशी आजही अवघडून उभे राहावे लागत असेल, तर तो मनुष्य पत्र्याच्या खोलीकडे वळल्याबद्दल आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

सोलापूरला तर हे सांगण्याचीही गरज पडू नये. बाराव्या शतकात या नगरीत शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला आणि सभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. देव एकाच भव्य मंदिरात न कोंडता त्यांनी तो परिसरात सर्वत्र नेला. मकरसंक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तेव्हा त्या मिरवणुकीत मातंग समाजाचाही परंपरेने मान असतो. लहान देवस्थाने जिवंत ठेवण्याचे शास्त्र शिकण्यासाठी सोलापूरकराला कॅलिफोर्नियाला जावे लागत नाही. त्याने अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा डोळे उघडे ठेवून केली तरी पुरे.

सोलापूरपासून जवळच, धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात, यमगरवाडी आहे. ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, ज्यांच्या वसाहती सांभाळण्याचे काम ब्रिटिश सरकारने देशात अनेक ठिकाणी मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संघटनांकडे सोपवले आणि ज्यांच्यासाठी सोलापुरातही तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, त्यांची मुले येथे शिकतात. १९५२ साली कायदा गेला, पण कपाळावरचा शिक्का गेला नाही. तो पुसण्यासाठी भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानाने येथे पारध्यांच्या आणि इतर जमातींच्या मुलांसाठी शाळा व वसतिगृह उभे केले. गिरीश प्रभुणे यांच्यासारखे कार्यकर्ते पालांवर जाऊन राहिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण तिच्याआधी अनेक वर्षे लोकांच्या संशयाचीच धुळवड होती. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेला समूळ नकार दिला, त्या विचाराचा यमगरवाडी हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

पण एक यमगरवाडी पुरेशी नाही. सोलापुरातील प्रत्येक वस्तीत एक तरी कुटुंब असे हवे, ज्याचे दार रात्री दोन वाजता ठोठावता येईल. शाखेची संख्या मोजण्याबरोबरच शाखेच्या परिसरातील किती घरांत आपण जेवलो, किती घरांतल्या मयताला खांदा दिला, बंद देवळाची किल्ली कोणाच्या हाती दिली, हेही महिन्याच्या बैठकीत विचारले गेले पाहिजे. मध्यमवर्गीय घरांनीही वाढदिवसाच्या खर्चातला थोडा भाग शेजारच्या वस्तीतील अभ्यासिकेला द्यावा, आणि पैशापेक्षा अधिक म्हणजे आठवड्यातील एक संध्याकाळ द्यावी.

लहान मंडळ्यांची सेवा करणाऱ्या पाळकांना एवढेच सांगणे आहे, की आपल्या माणसांना खरोखर निरोगी करायचे असेल तर त्यांना बोस्टन आणि पासाडेनाच्या चष्म्यातून पाहणे सोडा. टिळकांनी १९१७ साली दाखवलेल्या वाटेवर या. आणि हिंदू कार्यकर्त्याला सांगणे असे, की त्या पाळकावर राग धरण्याआधी येत्या रविवारी सकाळी आपल्या वस्तीतील त्या बंद देवळाचे कुलूप काढा, अंगण झाडा आणि शेजारच्या पंधरा घरांत जाऊन या. त्या घरांत कोण आजारी आहे, हे तोवर तरी आपल्याला कळलेले नाही.