कुंग-फूचा हिरो जेव्हा बाप होतो



जॅकी चॅन कोण, हे आमच्या वणीतल्या पोट्ट्यांना सांगावे लागत नाही. खाणीतली पाळी संपवून आलेला बाप आणि सातवीतला मुलगा एकाच खाटेवर बसून त्याचे सिनेमे बघतात. हाती येईल ती शिडी, खुर्ची, बाकडे घेऊन त्याने मारामारी करावी, मार बसला की हात झटकून तोंड वेडेवाकडे करावे आणि आपण पोट धरून हसावे, अशी याची रीत. पण २०१७ साली आलेल्या 'द फॉरेनर' या चित्रपटात तो हसवत नाही. तेव्हा त्याचे वय ६३ होते. त्याच वर्षी त्याचा 'कुंग फू योगा' आपल्या देशातही येऊन गेला. तो गंमतीचा होता. 'द फॉरेनर' मात्र मन जड करतो.

हा नट आहे कोण? ७ एप्रिल १९५४ रोजी हाँगकाँगमध्ये त्याचा जन्म झाला. आईबाप चीनमधल्या यादवी युद्धातून जीव वाचवून आलेले. फ्रेंच वकिलातीच्या अधिकाऱ्याकडे बाप स्वयंपाकी आणि आई घरकाम करणारी. सातव्या वर्षी त्याला चिनी संगीतनाट्याच्या निवासी शाळेत टाकले. तिथे दहा वर्षे कोलांटउड्या, गाणे आणि मार. पुस्तकी शिक्षण जेमतेमच. १९७८ च्या 'ड्रंकन मास्टर'ने त्याचे नाव झाले. 'आर्मर ऑफ गॉड' (१९८६) च्या वेळी झाडावरून पडून त्याची कवटी फुटली, तरी बरा होऊन तो पुन्हा कामाला लागला. २०१६ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळाले. चाकराच्या पोटी जन्मलेला, अंगमेहनतीवर वर आलेला हा माणूस आपल्या वस्तीतल्या लोकांना जवळचा वाटतो, यात नवल नाही.

'द फॉरेनर'मध्ये तो क्वान नावाचा म्हातारा झाला आहे. व्हिएतनाममधून पळून आलेला हा निर्वासित लंडनमध्ये छोटेसे चिनी हॉटेल चालवतो. पळताना दोन मुली समुद्री चाच्यांनी नेल्या आणि मारल्या, पुढे बायकोही गेली. उरलेली एकुलती एक मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत बॉम्बस्फोटात मरते. स्फोट आयरिश अतिरेक्यांनी घडवलेला. बापाचे मागणे एकच, गुन्हेगारांची नावे सांगा. तो पोलिसांच्या दारी जातो, पुन्हा जातो. आयुष्यभराची पुंजी अधिकाऱ्यापुढे ठेवतो. उत्तर मिळते, धीर धरा. मग तो बेलफास्टच्या एका मोठ्या पुढाऱ्याला गाठतो. हा पुढारी झाला आहे पूर्वीचा जेम्स बाँड, पिअर्स ब्रॉस्नन. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल यांनी स्टीफन लेदर यांच्या १९९२ च्या कादंबरीवरून हा चित्रपट केला.

जॅकी चॅनने यात वय लपवलेले नाही. तो वाकून चालतो, त्याला धाप लागते, मार बसला की उठायला वेळ लागतो. मुलगी गेल्यावरचा त्याचा चेहरा बघवत नाही. आयर्लंडच्या राजकारणात चित्रपट मध्येच भरकटतो, बराच वेळ हा बाप दिसतही नाही. पण तो पडद्यावर येतो तेव्हा नजर हटत नाही. हाणामारीच्या नटाला अभिनय येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे काम जरूर पाहावे.

मात्र आमचे मन अडकले ते पोलिसांच्या दारात ताटकळणाऱ्या त्या म्हाताऱ्यापाशी. असा एक बाप आपल्याकडेही होता. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे भैय्यालाल भोतमांगे. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन यांची हत्या झाली. विदर्भभर आपले लोक रस्त्यावर आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. २० जानेवारी २०१७ रोजी भैय्यालाल गेले. त्याच वर्षी हा चित्रपट आला.

सिनेमातला बाप जुना कमांडो आहे. त्याला बॉम्ब बनवता येतात, म्हणून तो हिशेब चुकता करतो. भैय्यालालांकडे होते अर्ज, साक्ष आणि समाजाचा आधार. तरीही दहा वर्षे हा माणूस खचला नाही. आम्हाला विचाराल तर खरा लढवय्या हाच.

सूड बघताना टाळी वाजते, हे आम्ही नाकारत नाही. पण तथागतांनी कोसंबीच्या भांडणाऱ्या भिक्खूंना सांगितलेली दीघावूची कथा आठवा. काशीच्या राजाने त्याच्या आईबापाला मारले. पुढे तोच राजा दीघावूच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. दीघावूने तीनदा तलवार उपसली, तीनदा म्यान केली. मी याला मारले तर याची माणसे मला मारतील, माझी माणसे त्यांना, आणि हे कधी थांबणार नाही, हे त्याला उमगले होते. याला कोणी भ्याडपणा म्हणेल काय? बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात रक्तरंजित मार्ग सोडून घटनात्मक मार्ग धरा, असे बजावले. अन्याय सोसा, असे मात्र दोघांनीही सांगितलेले नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, हा चित्रपट लहान लेकरांना दाखवू नका, त्यात रक्तपात फार आहे. मोठ्या मुलामुलींसोबत बघा, आणि संपल्यावर दोन गोष्टी त्यांना सांगा. पहिली, एफ.आय.आर.ची नक्कल तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचे नाही. दुसरी, ॲट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने पीडिताला खटल्याची माहिती मिळण्याचा आणि आरोपीच्या जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

क्वान एकटा होता, म्हणून त्याने बॉम्ब बनवले. आपल्या वस्तीतला कोणताही बाप, कोणतीही आई ठाण्याच्या बाकड्यावर एकटी बसलेली दिसली, तर शेजारी जाऊन बसा. विहारातून चार माणसे सोबत न्या. एवढे तर आपल्या हातात आहे.

जयभीम!