रूट कॅनालचे पैसे रोख की यूपीआयने? डेंटिस्टच्या करात इथेच फरक पडतो

पेशंटसाठी प्रश्न साधा आहे, डॉक्टरांसाठी नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी आयकर कायद्याचं कलम ४४एडीए सांगतं: वर्षभराच्या एकूण फीपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा, हिशेबाच्या वह्या आणि ऑडिट टळेल. मर्यादा ५० लाख. रोख फी ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

म्हणजे ६० लाखांत ४ लाख रोख आले, की सवलत गेली!

पण सवलत प्रत्येकाला परवडतेच असं नाही. इम्प्लांट, लॅबची बिलं, असिस्टंटचे पगार, दवाखान्याचं भाडं यांत निम्म्याहून जास्त फी गेली, तर न झालेल्या नफ्यावर कर भरावा लागतो. नवीन दवाखान्यांचं दुखणं हेच. खरा, कमी नफा दाखवायचा आणि उत्पन्न करपात्र असेल, तर पुन्हा वह्या आणि ऑडिट आलंच.